ब्रूस्टर काउंटीतले वीस एकर आणि कोर्टहाउसची तीन उत्तरं

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे चुकले असेन तर सांगता येईल. तुम्ही डॅलसजवळ राहता. पश्चिम टेक्सासात, ब्रूस्टर काउंटीच्या दक्षिण टोकाला, टर्लिंग्वाच्या बाजूची वीस एकर जमीन तुम्ही इंटरनेटवर पाहिलीत. विकणारा हप्त्यांवर द्यायला तयार आहे. जाहिरातीत ठळक लिहिलंय की झोनिंग (कुठल्या जागेत काय बांधायचं याचे नियम) नाही, बांधकामाची परवानगी लागत नाही. खात्री करायला काउंटीचं मुख्य गाव आल्पाइन, तिथल्या कोर्टहाउसला, म्हणजे काउंटीच्या कचेरीला, फोन केलात. एका खिडकीने सांगितलं, अमुक नावावर डीड (खरेदीखत) नोंदलेलं आहे. दुसरीकडे कळलं की मालक म्हणून भलतंच नाव लागलंय. तिसरीकडे रस्त्याची चौकशी केलीत, तर 'तो रस्ता आमचा नाही' एवढंच उत्तर आलं. मग तुम्ही विचारलंत: इथला कलेक्टर कोण? कोणाला एकदा भेटलं की सगळं कळेल? आणि ती 'कमिशनर्स कोर्ट' म्हणतात तिथे अर्ज करावा लागेल का?

तर असा कोणी नाही. आणि तिन्ही उत्तरं बरोबर असण्याची शक्यता खूप आहे. तुमची खरी अडचण परवानगीची नाहीच. अडचण अशी की आपण आपल्याकडच्या सवयीने 'सरकार' नावाचं एकच दार शोधतो, आणि इथल्या ग्रामीण काउंटीत दारं आठ-दहा असतात, प्रत्येकाची किल्ली वेगळी.

मी एकोणीस वर्षं पश्चिम टेक्सासात टायटल तपासायचं काम करते, म्हणजे जमिनीच्या मालकीची साखळी कागदोपत्री मागे मागे नेऊन कुठे तुटते ते पाहायचं. माझे वडील पंढरपूरला भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. त्यामुळे साखळी, बांध आणि भांडणं हे तिन्ही मी घरातच पाहिलं. मी वकील नाही. तुमच्या नेमक्या तुकड्याचं डीड, त्यावरच्या अटी आणि तो कोणत्या मूळ सर्व्हेत बसतो हे पाहिल्याशिवाय 'घ्या' किंवा 'नका घेऊ' असं मी म्हणणार नाही. पण कुठे काय पाहायचं ते सांगते.

आधी भूगोल, कारण तो कळला की कारभार आपोआप कळतो. ब्रूस्टर ही टेक्सासातल्या २५४ काउंट्यांमधली सर्वांत मोठी. क्षेत्रफळ सुमारे ६,१९० चौरस मैल, म्हणजे १६,००० चौरस किलोमीटरच्या आसपास. आमचा सोलापूर जिल्हा १४,८९५ चौरस किलोमीटर आहे; ब्रूस्टर त्याहून मोठी. सोलापुरात २०११च्या जनगणनेला ४३ लाख माणसं होती. ब्रूस्टरमध्ये २०२० साली ९,५४६. त्यातली सुमारे सहा हजार एकट्या आल्पाइन गावात. उरलेली साडेतीन हजार माणसं कनेक्टिकट राज्याहून मोठ्या मुलखात विखुरलेली. सोलापूरला अकरा तालुके, अकरा तहसील कचेऱ्या. इथे एक कोर्टहाउस.

आणि ते कोर्टहाउस काउंटीच्या वायव्य कोपऱ्यात. आल्पाइन साडेचार हजार फुटांवर, गवताळ डोंगरांच्या कुशीत, हवा थंड. तिथून ११८ नंबरच्या रस्त्याने दक्षिणेला निघालात की ऐंशी मैलांवर स्टडी ब्यूट आणि टर्लिंग्वा. उतरत उतरत गवत संपतं, चिवावा वाळवंट सुरू होतं, क्रिओसोटची झुडपं आणि राखेच्या रंगाच्या टेकड्या. त्याच्याही खाली रिओ ग्रांदे नदी आणि पलीकडे मेक्सिको. काउंटीचा जवळजवळ पाचवा हिस्सा, आठ लाख एकरांहून जास्त, बिग बेंड राष्ट्रीय उद्यानात गेलेला. हे उद्यान १९४४ साली झालं. ती जमीन संघराज्याची, तिच्यावर काउंटीला मालमत्ता कर लावता येत नाही. बदल्यात वॉशिंग्टनकडून काही रक्कम मिळते. म्हणजे मुलूख अफाट, कर भरणारी माणसं मूठभर. टर्लिंग्वाला हायस्कूल व्हायच्या आधी तिथली मुलं रोज बसने आल्पाइनला जायची-यायची. फोनवर कोणी 'आम्हाला तिथलं ठाऊक नाही' म्हणालं, तर ते टाळाटाळ करताहेत असं लगेच धरू नका.

ही काउंटी आली कुठून, हेही तुमच्या कामाचं आहे. १८८२च्या सुमारास रेल्वे या भागात पोचली. तोवर हा सगळा पट्टा प्रेसिडिओ काउंटीत होता. १८८७ साली त्यातून ब्रूस्टर वेगळी काढली, आणि त्याच वर्षी ब्यूकल आणि फोली नावाच्या आणखी दोन काउंट्या कागदावर काढल्या. त्या कागदावरच राहिल्या. कारभार कधी सुरूच झाला नाही, आणि १८९७ साली त्या ब्रूस्टरला जोडून टाकल्या. ब्रूस्टर एवढी अवाढव्य का, याचं हे साधं उत्तर. आल्पाइनचं नावही तेव्हा मर्फीव्हिल होतं, १८८८ साली बदललं. आता जुन्या डीडमध्ये 'फोली काउंटी' वाचून एखादा नवखा माणूस खोटा कागद समजून बाजूला टाकतो. मीही पहिल्या वर्षी असाच एक कागद बाजूला टाकला होता. मूळ मालकीचा धागा १८८७च्या मागे जात असेल तर प्रेसिडिओच्या नोंदी, म्हणजे तिचं मुख्य गाव मार्फा. मार्फाचं १८८६चं घुमटवालं कोर्टहाउस पाहायला लोक मुद्दाम जातात. आल्पाइनचं १८८७-८८चं लाल विटांचं कोर्टहाउस त्यापुढे साधं आहे. मला तेच जास्त आवडतं, पण ती माझी खोड.

आता कारभार. कमिशनर्स कोर्ट हे नाव फसवं आहे. तिथे दावा चालत नाही. ते काउंटीचं कार्यकारी मंडळ आहे: चार भागांतून निवडलेले चार कमिशनर आणि सबंध काउंटीतून निवडलेला एक काउंटी जज. जिल्हा परिषदेची स्थायी समिती डोळ्यासमोर आणा, फरक एवढाच की वर कलेक्टरही नाही आणि सीईओही नाही. अंदाजपत्रक, कराचा दर, काउंटीचे रस्ते, पूर-नियम हे त्यांचं काम. काउंटी जज वकील असलाच पाहिजे असंही नाही. राज्यघटनेत 'कायद्याची चांगली माहिती असलेला' एवढीच अट आहे. तो मंडळाचा अध्यक्ष असतो आणि काही किरकोळ फौजदारी व वारसाहक्काची प्रकरणंही ऐकतो. मोठे दावे डिस्ट्रिक्ट कोर्टात जातात. ते ३९४ क्रमांकाचं कोर्ट ब्रूस्टर, प्रेसिडिओ, जेफ डेव्हिस, कल्बर्सन आणि हडस्पेथ अशा पाच काउंट्यांना मिळून एक. न्यायाधीश आज इथे, उद्या तिथे. हे लक्षात ठेवा, रस्त्याच्या मुद्द्याला पुन्हा लागेल.

चारही भाग लोकसंख्येने सारखे ठेवावे लागतात, क्षेत्रफळाने नाही. साहजिकच आल्पाइनचं वजन जास्त आणि दक्षिणेकडचा कमिशनर आपल्याच भागात ताशी सत्तर मैलांनी गाडी हाकत फिरतो.

काउंटी क्लार्क, शेरिफ, कर गोळा करणारा असेसर-कलेक्टर, खजिनदार, काउंटी अटर्नी, सगळे लोकांनी थेट निवडलेले. कोणी कोणाचा साहेब नाही. काउंटी जज शेरिफला बदलीची धमकी देऊ शकत नाही, फार तर बजेटवरून कटकट करेल. आपल्याकडे वरून खाली उतरत जाणारी उतरंड असते: कलेक्टर, प्रांत, तहसीलदार, मंडल अधिकारी, तलाठी. एका ठिकाणी अर्ज अडला तर वर जाता येतं. इथे 'वर' असं काही नाहीच. म्हणून तुम्हाला तीन उत्तरं मिळाली. प्रत्येकाने आपापल्या कपाटातलं सांगितलं.

त्यात एक मोठी मेख आहे. टेक्सासात काउंटीला स्वतःचे असे अधिकार नसतात. राज्याच्या घटनेने किंवा कायद्याने जे स्पष्ट दिलंय तेवढंच. शहराला उपविधी करता येतात, काउंटीला सहसा नाही. गावाबाहेर झोनिंग नाही ते यामुळे. जाहिरातवाला खोटं बोलत नाहीये. फक्त तो अर्धंच सांगतोय: जी काउंटी तुम्हाला अडवू शकत नाही, ती शेजाऱ्यालाही अडवू शकत नाही. आज रिकामं माळरान दिसतंय तिथे उद्या जुन्या बसगाड्यांचं गोदाम उभं राहिलं तर तक्रार नेणार कुठे?

गंमत म्हणजे घर कसं बांधायचं ते न विचारणारी काउंटी अंगणातल्या दिव्याबद्दल मात्र विचारते. शेजारच्या जेफ डेव्हिस काउंटीत मॅकडोनाल्ड वेधशाळा आहे. २०११च्या कायद्याने तिच्यापासून ५७ मैलांच्या टप्प्यात येणाऱ्या काउंट्यांना बाहेरच्या दिव्यांबाबत नियम करायला लावले, आणि ब्रूस्टर त्यात आहे. दिव्यावर टोपी हवी, उजेड खाली पडला पाहिजे. तुम्ही तिथे तारे पाहायलाच जाणार असाल तर हा नियम तुमच्या फायद्याचा.

आता क्लार्कच्या दप्तराकडे येऊ. माझं अर्धं आयुष्य तिथे गेलंय. काउंटी क्लार्ककडे डीड असतात, गहाणखतं असतात, वारसाच्या फायली, लग्नाचे परवाने, अगदी गुरांवर डागायच्या खुणांची नोंदही तिथेच. मराठी माणसाला मी नेहमी असं समजावते: क्लार्ककडचं डीड म्हणजे आपलं नोंदणीकृत खरेदीखत, त्याची सूची म्हणजे इंडेक्स टू. आणि अप्रेझल डिस्ट्रिक्ट नावाचं जे वेगळं कार्यालय कर-आकारणीसाठी मालक, क्षेत्र आणि किंमत लिहून ठेवतं, ती नोंद म्हणजे सातबाऱ्याची चुलत बहीण. आता आठवा, सातबारा हा मालकीचा निर्णायक पुरावा आहे का? नाही. महसुलासाठी ठेवलेली नोंद आहे. बरोबर समजली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. अप्रेझलच्या नोंदीचं वजन त्याहूनही हलकं. तिथे मालक म्हणून दिसणारं नाव म्हणजे 'कराचं बिल कोणाला पाठवायचं' याचं उत्तर. तुम्हाला पडलेला घोळ, डीडवर एक नाव आणि कराच्या नोंदीत दुसरं, बहुतेक वेळा यातूनच होतो. कधी नोंद मागे पडलेली असते, कधी हप्त्यांवर घेणाऱ्याच्या नावाने बिल जातं, कधी मालक वारलाय आणि वारसांनी काहीच केलेलं नाही. तिसरी शक्यता सर्वांत त्रासाची.

आणि क्लार्ककडे नोंद आहे म्हणजे डीड खरं आहे असंही नाही. सही, नोटरी, नमुना ठीक असेल तर क्लार्कला ते नोंदवून घ्यावंच लागतं. विकणाऱ्याकडे विकायला काही होतं का, हे तपासणं त्याचं काम नाही. उद्या मी तुम्हाला आल्पाइनचं रेल्वे स्टेशन डीड करून दिलं, तरी पंचवीसेक डॉलर भरून ते दप्तरी लागेल. त्यामुळे 'कोर्टहाउसमध्ये रेकॉर्ड झालंय' या वाक्यावर निर्धास्त होऊ नका. नोंद केल्याने जगाला सूचना मिळते, एवढंच. नोंद न केल्याने मात्र नुकसान होतं: तुमचं डीड कपाटात पडून असताना मालकाने तीच जमीन दुसऱ्या अजाण गिऱ्हाइकाला विकली, तर तुम्ही अडचणीत.

डीडमध्ये किंमतही सापडणार नाही. 'दहा डॉलर व इतर मोबदला' असं ठोकळेबाज वाक्य असतं. मुद्रांक शुल्क नाही, रेडी रेकनर नाही. शेजारचा तुकडा कितीला गेला हे सरकारी कागदातून काढायची आपली सवय इथे कामाला येत नाही. डीड कोणत्या प्रकारचं आहे तेही पाहा. जनरल वॉरंटी डीडमध्ये विकणारा मालकीची हमी घेतो. स्पेशल वॉरंटीत फक्त स्वतःच्या काळापुरती. क्विटक्लेममध्ये तो म्हणतो, 'माझं काही असेल तर ते तुमचं', आणि असेलच असं तो म्हणत नाही.

जमिनीचं वर्णन वाचताना तुम्ही बुचकळ्यात पडला असाल: सेक्शन अमुक, ब्लॉक तमुक, कुठल्याशा रेल्वे कंपनीचं नाव आणि एक ऍबस्ट्रॅक्ट नंबर. हाच तुमचा गट नंबर. १८४५ साली टेक्सास संघराज्यात आलं तेव्हा सार्वजनिक जमीन त्याने स्वतःकडे ठेवली. म्हणून अमेरिकेच्या बहुतेक पश्चिम भागात आहे तशी संघराज्याची चौकोनी मोजणी इथे नाही. राज्याने रेल्वे कंपन्यांना दर मैल रुळामागे सोळा सेक्शन जमीन दिली. अट अशी की कंपनीने दुप्पट मोजायची, एकाआड एक सेक्शन आपलं आणि उरलेलं शाळांच्या निधीसाठी राज्याचं. रूळ जिथून गेले तिथलीच जमीन घ्यावी लागे असंही नव्हतं. म्हणून कधीही आगगाडी न पाहिलेल्या टर्लिंग्वाच्या माळावर रेल्वेचं नाव. मोजमाप स्पॅनिश वारात, एक वार म्हणजे ३३⅓ इंच, १,९०० वार चौरस म्हणजे जवळपास ६४० एकराचं सेक्शन. मोजणीदारांनी बरीचशी सेक्शनं प्रत्यक्ष न चालता कागदावर आखली, हे या व्यवसायातलं उघड गुपित. माझ्या वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा ते खूप हसले, आणि मग म्हणाले, 'मग खुणेचा दगड कुठे?' नेमका प्रश्न! कोपऱ्याचा दगड किंवा लोखंडी खुंटी सापडत नाही तोवर वीस एकर म्हणजे कागदावरचा चौकोन. मूळ सर्व्हेच्या फायली ऑस्टिनच्या जनरल लँड ऑफिसकडे आहेत, आणि त्या घरबसल्या पाहता येतात.

शाळेच्या सेक्शनांचा एक चिमटा आणखी आहे. १८९५ ते १९३१ या काळात राज्याने खनिजं राखून विकलेली जमीन असेल, तर वरची माती तुमची आणि खालची खनिजं राज्याची. टर्लिंग्वात कोणी लगेच तेलासाठी विहीर खणणार नाही. तिथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पारा निघायचा, तोही संपला. पण 'मिनरल राइट्ससह' अशी जाहिरात असेल तर विकणाऱ्याला एकच विचारा: कोणत्या कागदावरून?

आता वीस एकरच का, दहाहून जास्तच का, हा प्रश्न तुम्हाला पडला नसेल, पण पडायला हवा. टेक्सासच्या कायद्यात दहा एकर हा आकडा पुन्हा पुन्हा येतो. मोठं रान तोडून विकताना सगळे तुकडे दहा एकरांहून मोठे ठेवले आणि सार्वजनिक रस्ते आखले नाहीत, तर साधारणपणे काउंटीला ले-आउटचा नकाशा मंजुरीसाठी मागता येत नाही. दहा एकर किंवा जास्त जागेत एकाच कुटुंबाच्या घराचा सेप्टिक टँक असेल, तो हद्दीपासून शंभर फूट आत असेल आणि घाण बाहेर जात नसेल, तर राज्याचा कायदा परवान्यातून सूट देतो. दहा एकरांहून मोठ्या जागेतली घरगुती विहीर दिवसाला २५,००० गॅलनपेक्षा जास्त उपसूच शकत नसेल तर भूजल जिल्ह्याच्या (भूजलावर देखरेख ठेवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या) परवान्यातूनही सुटते. ब्रूस्टरला स्वतःचा भूजल जिल्हा आहे, तिथे नोंदणी मात्र विचारा. स्थानिक नियम याहून कडक असू शकतात आणि बदलतात, त्यामुळे सेप्टिकबद्दल काउंटीकडून लेखी उत्तर घ्या.

या सगळ्यातली पहिली सूट नीट वाचा. नकाशा मंजूर करायचा नाही म्हणजे रस्ता, पाणी, निचरा आहे का हे कोणी पाहिलेलंच नाही. आपल्याकडे एनए ले-आउटला मंजुरी घेताना निदान कागदावर तरी रस्ता दाखवावा लागतो. इथे दहा एकरांचा उंबरठा ओलांडला की कोणी विचारत नाही. ही सूट विकणाऱ्याच्या सोयीची आहे, आणि तिची किंमत घेणारा मोजतो.

म्हणून रस्ता. माझ्यापुढे येणाऱ्या दर दहा तक्रारींतल्या सहा-सात याच असतात. नकाशात रस्ता दिसतो, उपग्रहाच्या चित्रात दिसतो, तुम्ही गाडी घेऊन जाऊनही येता. पण त्या रस्त्यावरून जायचा तुमचा हक्क कुठे लिहिलाय? तिथले बरेच मातीचे रस्ते काउंटीचे नाहीत, खासगी आहेत. काही भागात मालकांची संघटना वार्षिक वर्गणीतून त्यांची डागडुजी करते. तुमचा तुकडा त्यात येत असेल तर वर्गणी आणि तिच्या अटी डीडबरोबर येतात, थकलेली वर्गणीही. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थाने चाळीस एकर घेतल्यावर मला कागद दाखवले. मधल्या शेजाऱ्याने फाटकाला कुलूप घातलं होतं. विकणाऱ्याने तोंडी सांगितलं होतं, 'सगळे इथूनच जातात.' सगळे जात होते, शेजाऱ्याच्या मेहेरबानीने.

आपल्याकडे वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर मामलतदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे जाता येतं. रस्ताच नसेल तर महसूल संहितेच्या कलम १४३खाली बांधावरून मागता येतो. इथे तहसीलदार नाही. शेरिफ येऊन म्हणेल की हा दिवाणी मामला आहे, आणि बरोबरच म्हणेल. तुम्हाला डिस्ट्रिक्ट कोर्टात जाऊन सिद्ध करावं लागेल की दोन्ही तुकडे पूर्वी एकाच मालकाचे होते आणि ते वेगळे झाले तेव्हाच या रस्त्यावाचून पर्याय नव्हता. तेच ते पाच काउंट्यांना वाटून घेतलेलं कोर्ट. वकिलाचा खर्च जमिनीच्या किमतीच्या वर जातो. त्यामुळे डीडमध्ये किंवा वेगळ्या नोंदलेल्या कागदात, सार्वजनिक रस्त्यापासून तुमच्या हद्दीपर्यंतचा मार्गाधिकार शब्दांत लिहिलेला दिसला पाहिजे. तो नसेल तर बाकी काही तपासण्यात वेळ घालवू नका.

पाण्याचं थोडक्यात. टेक्सासात आपल्या जमिनीखालचं पाणी उपसायचा हक्क मालकाचा, पण ते पाणी आहे याची हमी कोणाची नाही. दक्षिण भागात पाऊस वर्षाला दहा इंचांच्या आसपास, आपल्या माणदेशाहूनही कमी. कित्येक जण छपरावरचं पाणी टाक्यांत साठवतात किंवा टँकरने आणतात. शेजाऱ्याला किती खोल लागलं आणि ते पिण्याजोगं होतं का, हे विचारा. आणि तुकड्यातून कोरडा ओढा जात असेल तर त्याला हसू नका. जुलै ते सप्टेंबरच्या वळवांत तोच रस्ता घेऊन जातो. पूररेषेत बांधायचं असेल तर मात्र काउंटीची परवानगी लागते. 'परवानगी नको' या जाहिरातीतला हा दुसरा अर्धा भाग.

कराचं गणित सोपं आहे. एक जानेवारीला त्या वर्षाच्या कराचा बोजा जमिनीवर चढतो, बिलं शरद ऋतूत येतात, ३१ जानेवारीपर्यंत भरायचं. बोजा जमिनीवर असतो, म्हणजे मागच्या मालकाची थकबाकी तुमच्या गळ्यात येते. असेसर-कलेक्टरकडून कर भरल्याचा दाखला मागा, थोडक्या पैशांत मिळतो. जमीन शेती-चराईच्या सवलतीच्या मूल्याने लागलेली असेल आणि तुम्ही वापर बदललात, तर मागच्या तीन वर्षांचा फरक भरावा लागू शकतो. तो कोण भरणार हे करारात लिहून घ्या. आणि करवसुलीच्या लिलावांचा मोह होत असेल तर एवढंच: ते महिन्याच्या पहिल्या मंगळवारी होतात, बोली लावून मिळतो तो हमी नसलेला कागद, आणि जुन्या मालकाला ती सोडवून घ्यायला मुदत असते, साधारण १८० दिवस, घर किंवा शेतजमीन असेल तर दोन वर्षं.

शेवटी तुमचे हप्ते. दोन पद्धती आहेत आणि दोन्ही 'ओनर फायनान्स' या एकाच नावाने विकल्या जातात. पहिल्यात डीड आजच तुमच्या नावे होतं आणि विकणारा गहाणखत घेतो. तुम्ही मालक, तो सावकार. दुसऱ्यात, कॉन्ट्रॅक्ट फॉर डीड म्हणतात त्यात, शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालक तोच. त्याने मधेच कर थकवला, तो वारला, त्याच्यावर कोणाचा हुकूमनामा चढला, तर फटका तुमच्या जमिनीला. घर बांधून राहणाऱ्यांसाठी टेक्सासच्या कायद्याने या दुसऱ्या प्रकारात बरीच संरक्षणं घातली आहेत, पण नुसती रिकामी जमीन धरून ठेवणाऱ्याला त्यांचा आधार मिळेलच असं नाही. तुम्हाला विकणाऱ्याने पाठवलेल्या कागदाचं शीर्षक वाचा. दुसरा प्रकार असेल तर मी तरी पहिला मागेन. विकणारा नाही म्हणाला तर का, हे विचारेन.

म्हणजे क्रम असा ठेवा: आधी रस्त्याचा कागद, मग डीडची साखळी आणि थकबाकी, मग मोजणी, आणि पाणी-सेप्टिक त्यानंतर. टायटल कंपनीकडून मालकीचा विमा मागा, म्हणजे मालकीत खोट निघाली तर भरपाई देणारा. इतक्या छोट्या तुकड्याला त्या कधी नकार देतात, आणि विम्यात रस्त्याचा अपवाद घातला असेल तर तोच तुमचा इशारा.

एकदा प्रत्यक्ष जाऊनही या. डॅलसहून दिवसभराचा रस्ता आहे. कामाच्या दिवशी सकाळी आल्पाइनला क्लार्कच्या दप्तरात दोन तास बसा. तिथली माणसं सल्ला देऊ शकत नाहीत, पण सूची कशी उघडायची हे आपुलकीने दाखवतात. दुपारी गाडीत पेट्रोल आणि पाणी भरून खाली टर्लिंग्वाला उतरा. वाटेत कुठेच काही मिळणार नाही असं समजा.

त्याआधी जाहिरातीतलं जमिनीचं पूर्ण वर्णन इथे टाका: सेक्शन, ब्लॉक, ऍबस्ट्रॅक्ट नंबर, आणि विकणाऱ्याला जमीन ज्या डीडने मिळाली त्याचा खंड व पान. सूर्यास्ताचे फोटो नकोत, ते सगळ्याच तुकड्यांचे चांगले येतात.